आधी काटा, मग पाना
जुनी कॅरव्हान घेणाऱ्यांसाठी स्टिअरिंग-तपासणीची पुस्तिका : प्रस्तावना

स्टिअरिंगची तक्रार घेऊन आलेला माणूस बिघडलेल्या भागाचं नाव क्वचितच सांगतो. एक म्हणतो, ‘सरळ रस्त्यावर गाडी लहरते.’ दुसरा म्हणतो, ‘डावीकडे ओढते.’ तिसऱ्याचं स्टिअरिंग जड येतं. चौथ्याचं वळण संपलं तरी आपणहून परत फिरत नाही. पाचव्याचं साठ-सत्तरच्या वेगाला थरथरतं. सहाव्याच्या गाडीला काहीच झालेलं नसतं, फक्त मोठा कंटेनर बाजूने गेला की त्याच्या पोटात गोळा येतो. या सहा तक्रारींची सहा प्रकरणं म्हणजे ही पुस्तिका. ती मिस्त्रींसाठी लिहिलेली नाही. जुनी कॅरव्हान विकत घेणाऱ्या किंवा घेऊन पस्तावत बसलेल्या मालकासाठी ती आहे. त्याने पाना हातात धरला नाही तरी चालेल. मात्र मिस्त्रीसमोर उभं राहून काय विचारायचं आणि कोणत्या क्रमाने विचारायचं, हे त्याला कळायला हवं.

हा क्रम मला माझ्याच गाडीने शिकवला. जुन्या ट्रॅव्हलरवर कुणीतरी हौसेने बांधलेली कॅरव्हान मी घेतली. आत दोन पलंग, ओटा, छोटा फ्रीज, मागच्या आडव्या पलंगाखाली पाण्याची टाकी आणि तिच्या शेजारी दोन बॅटऱ्या. शहरात गाडी गुणी होती. जालना रोडला लागून वेग धरला की मात्र तिला सतत सावरत बसावं लागे. दहा किलोमीटरमध्ये खांदे भरून येत. पुढच्या तीन महिन्यांत मी दोनदा व्हील अलाइनमेंट केलं, टाय रॉडचे दोन्ही एंड बदलले, पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर नवे घातले. प्रत्येक वेळी दोन दिवस बरं वाटे, म्हणजे पैसे खर्च केल्याचं समाधान टिकेपर्यंत बरं वाटे.

शेवटी एका सकाळी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका वजनकाट्यावर गाडी नेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं, अशी तीन वजनं घेतली. नंतर टाकीतलं पाणी सोडून दिलं आणि पुन्हा काटा केला. गाडीचं एकूण वजन कमी झालं होतं, ते होणारच. पण पुढच्या चाकांवरचं वजन वाढलं होतं. पाणी सांडलं मागे आणि भार वाढला पुढे! काटेवाल्याला ते विशेष वाटलं नाही. ट्रकवाल्यांचं माप करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. मला मात्र तीन महिन्यांच्या बिलांचा अर्थ त्या चिठ्ठीवर लागला.

त्यामागचं गणित शाळेतल्या तरफेचं आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर धरू. मागच्या ॲक्सलच्याही मागे दीड मीटरवर २०० लिटर पाणी, म्हणजे २०० किलो ठेवलं, तर मागचा ॲक्सल टेकू होतो आणि गाडीचं नाक उचललं जातं. २०० गुणिले १.५ भागिले ४, म्हणजे ७५ किलो पुढून उचलले जातात. मागच्या ॲक्सलवर मात्र २०० नव्हे, २७५ किलो पडतात. वर बॅटऱ्या, गॅसची टाकी, मागच्या दाराला लटकवलेली स्टेपनी आणि शिडी धरा. ज्या चाकांनी गाडी वळवायची त्यांनाच रस्त्यावर नीट टेकू न देण्याची ही सगळी व्यवस्था असते. अशा गाडीला स्टिअरिंगचे भाग कितीही नवे घातले तरी ती लहरणार. म्हणून या पुस्तिकेत पहिली तपासणी काट्याची आहे आणि पाना त्यानंतर येतो.

ही गोष्ट चिकलठाण्यात बसून लिहिताना थोडी लाजही वाटते, कारण हा धडा इथे भिंतीपलीकडे रोज गिरवला जातो. राज्य परिवहन महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत : पुण्याजवळ दापोडी, नागपूरला हिंगणा आणि आपली चिकलठाणा. एसटीच्या मागे एम.एच. २० बी.एल. अशी पाटी दिसली, की ती बस चिकलठाण्यात बांधली गेली हे एसटीच्या शौकिनांना न सांगता कळतं. टाटा किंवा अशोक लेलँडची उघडी चेसिस तिथे येते : इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि दोन लांब पोलादी गर्डर. तिच्यावर सांगाडा, पत्रा, बाकं, काचा चढतात आणि लालपरी बाहेर पडते. वर्षानुवर्षं ॲल्युमिनियमच्या बॉडी बांधल्यानंतर अलीकडच्या काळात महामंडळ पोलादी बॉडीकडे वळलं, आणि साहित्य बदललं की वजनाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. बस असो की कॅरव्हान, चेसिस माहेरची आणि बॉडी सासरची. गाडी नीट नांदली तर कौतुक दोघांचं. बिनसलं की चेसिसवाला बॉडीकडे बोट दाखवतो आणि बॉडीवाला चेसिसकडे.

फरक एवढाच, की बसचा भार उतरतो आणि चढतो. रात्री डेपोत ती मोकळी उभी राहते. कॅरव्हानचा संसार कायम पाठीवर असतो. मालक झोपलेला असो की जागा, पलंग, कपाटं, भांडी, पाणी हे सारं पाट्यांवर चोवीस तास बसलेलं असतं. पाटे थकतात, टायर एकाच जागी दबून राहतात, बुशांचं रबर वाळतं. म्हणूनच ‘फक्त वीस हजार किलोमीटर चाललेली’ हे कॅरव्हानच्या बाबतीत मोठंसं प्रशस्तिपत्र नाही. उभं राहणं हेही तिचं कामच असतं, आणि त्यातही ती झिजते.

आपल्याकडे या गाड्या आल्या कुठून? युरोपात घराणी ठरलेली आहेत. तिथल्या असंख्य मोटरहोम फियाट ड्युकाटोच्या चेसिसवर उभ्या असतात. तिथे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते, त्यामुळे मागे जास्त भरलं तर वळवणारी आणि ओढणारी अशी दोन्ही कामं करणारी चाकंच हलकी होतात. आपल्याकडे बहुतेकांचा आधार ट्रॅव्हलर. टेम्पो हा शब्द मराठीत सामान्यनाम होऊन बसला, त्या बजाज टेम्पोची ही गाडी; कंपनीचं नाव पुढे फोर्स मोटर्स झालं. जुन्या ट्रॅव्हलरला पुढेही अखंड ॲक्सल आणि पाटे असतात. तुमची गाडी त्यातली आहे की पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली, हे आधी खाली वाकून बघा, कारण पुढच्या अनेक तपासण्या त्यावर ठरतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचं धोरण आणलं आणि हौसेला राजमान्यता मिळाली. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवरच्या आपल्या शहराला तर ही कल्पना आवडावी अशीच आहे.

हौसेसोबत कागदही आला. मोटार कॅरव्हानसाठी एआयएस-१२४ असं स्वतंत्र मानक आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला मान्य नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ च्या निकालात ते ठामपणे सांगितलं. तेव्हा जुनी गाडी घेताना आरसीवर वाहनाचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा, तिथलं भारासहित वजन टिपून घ्या आणि काट्याच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. ते दोन कागद समोरासमोर ठेवले, की विकणाऱ्याशी बोलायचा अर्धा विषय तिथेच संपतो.

काट्यानंतर हवा. टायरमधली हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, थंड टायरवर मोजायची. मराठवाड्याच्या मे महिन्यात चाळीसच्या पुढे पारा गेलेला असताना, तापल्या टायरची हवा पाहून ती सोडून देणं म्हणजे ताप आलेल्या माणसाचं वजन करून औषध ठरवण्यासारखं आहे. हवा किती हवी, हे प्रत्येक ॲक्सलवर प्रत्यक्ष किती भार आहे त्यावर ठरतं. त्यासाठीच तर काटा आधी. कमी हवेचा टायर कूस बदलत राहतो आणि स्टिअरिंग जड करतो. जास्त हवेचा टायर स्टिअरिंग हलकं करतो, पण खड्ड्यावर उड्या मारतो. जड येणाऱ्या स्टिअरिंगचा दोष लपवायला विकण्याआधी पुढे दाबून हवा भरलेली मी पाहिली आहे.

टायरचं वय त्याच्या कुशीवर लिहिलेलं असतं. चार आकडी संख्या शोधा. ‘२३१८’ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसते म्हणून टायर तरुण समजू नये. कॅरव्हानचे टायर झिजून कमी आणि वाळून, तडकून जास्त मरतात. गाडी एका बाजूला ओढत असेल तर एक पैसाही खर्च करण्याआधी पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहा, अर्थात टायरची फिरण्याची दिशा ठरलेली नसेल तर. ओढ बाजू बदलली, तर दोष टायरचा. तशीच राहिली, तर दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि चारही चाकांच्या हबजवळ हात न्या. स्पर्श करू नका, नुसती धग पाहा. एक चाक इतरांहून जास्त तापलं असेल, तर ब्रेक सुटत नाही आणि ओढणारा तो आहे.

तिसरा क्रमांक गाडीखाली शिरण्याचा. इथे दोन माणसं लागतात आणि एक सक्त नियम : नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. घोड्या लावा, चाकांना अडणी लावा. पहिल्या तपासणीत चाकं जमिनीवरच असतात. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून एकाने चाक थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्याने स्टिअरिंग बॉक्सपासून सुरुवात करून ड्रॅग लिंक, तिचे दोन्ही जोड, टाय रॉड, त्याचे एंड असं एकेक जोड बघत जायचं. ज्या जोडाच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा उशिरा हलतो, तिथे प्ले आहे. बॉक्स स्वतःच गर्डरवर हलत असेल, तर बोल्ट सैल आहेत किंवा गर्डरला तडा आहे. हा तडा आधी बघा, बाकी सारं नंतर.

मग पुढचा ॲक्सल घोडीवर. चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला, तर व्हील बेअरिंग सैल. राहिला, तर अखंड ॲक्सलच्या गाडीत किंग पिन किंवा तिचे बुश, आणि स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत बॉल जॉइंट. चाक डावी-उजवीकडून धरून हलवलं आणि खडखडलं, तर टाय रॉडकडे जा. या दोन मिनिटांच्या तपासणीत निम्मी जुनी वाहनं पकडली जातील. ग्रीसच्या निपलवर वाळलेली माती असेल, तर किंग पिनला शेवटचं ग्रीस कधी मिळालं हे विचारायची गरज नाही.

चौथं, पाटे आणि ॲक्सल. सेंटर बोल्ट तुटला की मागचा ॲक्सल पाट्यावर थोडा सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालू लागते. चालवणारा स्टिअरिंग वाकडं धरून सरळ जात राहतो आणि अलाइनमेंटवाल्याकडे खेपा घालतो. तपासणी टेपने होते. डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधलं अंतर आणि उजवीकडचं अंतर, दोन्ही स्टिअरिंग सरळ ठेवून मोजा. फरक आला तर यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट बघा. पुढचे पाटे बसले असतील, तर ॲक्सलचा कल, म्हणजे कॅस्टर, बदलतो. सायकलच्या पुढच्या चिमट्याला जो मागे कल असतो तोच हा. त्याच्याच जोरावर वळणानंतर चाकं आपणहून सरळ होतात. तो कमी झाला की गाडी सरळपणाची सवय विसरते. अखंड ॲक्सलमध्ये कॅस्टर साध्या मशीनवर स्क्रू फिरवून बदलत नाही. पाटा आणि ॲक्सल यांच्यात योग्य कोनाची पाचर घालावी लागते, तीही पाटे दुरुस्त झाल्यावर.

अलाइनमेंट इतक्या उशिरा का येतं, हे आता लक्षात येईल. बहुतेक ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे चाकांचा टो, म्हणजे त्यांची तोंडं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते, दुरुस्त करणं. सैल जोड, थकलेले पाटे आणि चुकीची हवा असताना केलेला टो पुढच्या खड्ड्याला बदलतो. सगळं घट्ट झाल्यावर, पाणी, गॅस, सामान यांसह प्रवासाला निघतो त्या अवस्थेत गाडी मशीनवर न्या. रिकाम्या गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे उपाशी माणसाच्या मापाने जेवणानंतर घालायची विजार शिवणं.

विकणाऱ्यांच्या काही युक्त्या ठाऊक असाव्यात. स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला की प्ले काही काळ नाहीसा होतो. पण बॉक्स वळणात अडखळू लागतो आणि आतले दाते लवकर खातो. म्हणून उभ्या गाडीचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि मध्येच कुठे जड लागतं का, ते बोटांना विचारा. नवा कोरा स्टिअरिंग डॅम्पर दिसला, तर थरथर कशामुळे होती हे विचारा. डॅम्पर थरथर दाबतो, तिचं कारण काढत नाही. गाडी वरून मळलेली आणि खालून ताज्या काळ्या रंगाने चकचकीत असेल, तर रंगाखाली काय झाकलं आहे हे हातोडीच्या हलक्या टकटकीने कळतं.

शेवटची तपासणी रस्त्यावर. इथे आपला रस्ताच अनेकदा फसवतो. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेकडे उतरता असतो. डावीकडून चालणारी आपली गाडी त्या उताराने डावीकडे थोडी झुकणारच, तिला ‘ओढ’ म्हणू नये. मोठं वाहन ओलांडून जाताना हवेचा दाब आधी गाडीला बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. उंच भिंतीसारख्या कॅरव्हानला तो मोटारीपेक्षा जास्त जाणवतो, हेही नैसर्गिक आहे. एक धक्का बसून गाडी शांत झाली तर ठीक. तीन-चार हेलकावे घेत राहिली, तर शॉकॲब्सॉर्बर, बुश किंवा भार यांतलं काहीतरी उणं आहे.

चिकलठाण्याहून शेंद्र्याकडे गेलं की समृद्धी महामार्ग हाताशी येतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग खुला झाला. काँक्रीटचा तो मोकळा, सरळ रस्ता पाहून जुन्या गाडीची परीक्षा तिथेच घ्यावी असा मोह होतो. घेऊ नका. हलक्या मोटारींना तिथे ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि त्यांच्या प्रवाहात हातात न राहणारी कॅरव्हान घेऊन उतरणं म्हणजे प्रश्नपत्रिका हाती पडण्याआधीच निकाल लावून घेणं. पहिली चाचणी मोकळ्या पटांगणात चालत्या माणसाच्या वेगाने, दुसरी एमआयडीसीच्या रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी, तिसरी जालना रोडवर पहाटे. कन्नडचा औट्रम घाट किंवा अजिंठ्याची फर्दापूरची उतरण या चाचणीच्या जागाच नव्हेत. तिथे तपासलेली गाडी न्यावी, तपासायची गाडी नाही.

पुस्तिका वाचताना दोन पथ्यं पाळा. एका वेळी एकच बदल करा आणि तो केल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, तेवढ्याच भाराने गाडी चालवून पाहा. एकाच दिवशी टायर, एंड आणि अलाइनमेंट बदललं तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळणार नाही, आणि पुन्हा बिघडली तर हातात काहीच उरणार नाही. दुसरं, वही ठेवा. प्रत्येक पानावर तारीख, काट्याची तीन वजनं, चार टायरची हवा, केलेला बदल आणि चालवताना काय वाटलं. घट्टपणाचे, प्लेचे आणि टोचे आकडे मी मुद्दामच दिलेले नाहीत. प्रत्येक चेसिसचे ते वेगळे असतात आणि उत्पादकाच्या पुस्तिकेतच बघावेत. स्टिअरिंग आणि ब्रेकचा कोणताही जोड स्वतः उघडू नका. शोधायचं काम तुमचं, दुरुस्तीचं जाणत्या मिस्त्रीचं.

माझ्या गाडीची गोष्ट अर्धी राहिली. टाकी आता मागच्या ॲक्सलच्या पुढे, दोन चाकांच्या मध्ये आहे आणि बॅटऱ्या चालकाच्या मागच्या बाकाखाली. ते काम एका फॅब्रिकेटरने दोन दिवसांत केलं. नंतर पुन्हा काटा केला, हवा नव्याने ठरवली आणि तिसऱ्यांदा, भरल्या गाडीचं, अलाइनमेंट केलं. काढून ठेवलेले टाय रॉडचे जुने एंड अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांच्यात काहीही बिघाड नव्हता.

तेव्हा गाडी पसंत पडली, भाव ठरत आला, की विसार देण्याआधी विकणाऱ्याला एवढंच म्हणा : टाकी भरा, चला, आधी काट्यावर जाऊ.

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर